बाटली उलटी कर

१२ जानेवारी

दादा,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. ते विसरून राहिलेलं नाही.

तुला पत्र लिहायची वेळ चौदा वर्षांत आली नव्हती आणि पुढेही आली नसती. आईच्या आजारपणात आपण दोघं तिच्या उशापायथ्याशी बसून एकमेकांशी चकार शब्द बोललो नाही. तेवढ्या सरावावर जन्म निघाला असता. पण काल दुपारी माझ्या दारात भिंगरी उभी होती. पाठीवर बॅग, पायांत पळायचे बूट आणि चेहरा पांढराफटक. मी दार उघडलं तशी ‘आत्या’ एवढंच म्हणाली आणि तडक बाथरूममध्ये गेली. नळ पूर्ण सोडून ओकत होती, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मला ऐकू आलं. तो आवाज मला पाठ आहे, नळ सोडायची युक्तीसुद्धा माझीच.

तर तुझी लेक माझ्याकडे आहे. वहिनींना मी फोन केला, त्या म्हणाल्या राहू दे चार दिवस. आणखी काही म्हणाल्या नाहीत. मूग गिळून बसायचं त्या तुझ्या घरात चांगलं शिकल्यात. तुला फोन करत नाही, कारण फोनवर तू मध्ये बोलतोस. पत्रात तुला शिट्टी मारता येणार नाही.

भिंगरी तुझी तक्रार करायला आलेली नाही. संध्याकाळी मीच खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. काल सकाळी क्लबची लांबची दौड होती. तुझ्या शिट्टीवर तिने बाटली संपवली आणि पुढच्या वळणावर सगळी बाहेर काढली. तू सायकल थांबवलीस, आणि अख्ख्या क्लबसमोर म्हणालास, ‘आत्यावर गेलीय. नाटकं नुसती.’

हे ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला काय म्हणायचं ते तू म्हणून झालायस. पण माझं नाव शिवीसारखं त्या पोरीच्या अंगावर फेकायचा अधिकार तुला कुणी दिला?

तुझी पद्धत बाहेरून कशी दिसते ते एकदा ऐक. तू मागे सायकलवर. ठरलेलं अंतर झालं की शिट्टी. शिट्टी झाली की प्रत्येकाने कमरेची साखर-मिठाच्या पाण्याची बाटली तोंडाला लावायची, पळता पळता संपवायची आणि हात वर करून उलटी धरायची. ‘बाटली उलटी कर!’ थेंब पडला तर उरलेली फेरी एकट्याने. पळणारा सहा फुटी गडी असो की तुझ्या खांद्याला न पोचणारी मुलगी असो, बाटली तीच, शिट्टी तीच. माझ्या पोटात ती डुचमळायची, दादा. घागर घेऊन पळाल्यासारखं वाटायचं.

आणि मग मी काय करायचे, ते तुला माहीत आहे. एक घोट तोंडात धरायचा, बाकीची बाटली कुंपणापाशी ओतायची, वळणावर, तुझी सायकल दिसायच्या आत. मग हात वर, बाटली उलटी, शाबास. मी त्या दिवसांत चांगली पळत होते. तुलाही तेव्हा वाटायचं की पद्धत लागू पडतेय.

मग एका दिवशी दुसऱ्या फेरीत तुला मुंग्या दिसल्या. कुंपणाच्या बुडाशी काळी रांगच्या रांग. तू उतरलास, वाकून जमिनीला बोट लावलंस, बोट चाटलंस. सगळ्यांना गोल उभं केलंस आणि माझ्याकडे हात करून म्हणालास, ‘ही बेईमान आहे.’ माझी बहीण असं म्हणाला नाहीस. संघ निवडायला तेव्हा थोडेच दिवस होते. शंभर किलोमीटरच्या संघात माझी जागा पक्की आहे असं तूच सगळ्यांना सांगत फिरायचास. माझं नाव तूच खोडलंस.

असो. माझं झालं ते झालं. भिंगरीला एप्रिलमध्ये त्याच संघाच्या निवडीची शर्यत पळायची आहे. ती पळणार म्हणते, पण तुझ्या शिट्टीखाली नाही. तोवर ती माझ्याकडे राहील, माझ्याकडून पळेल. तिच्या पोटात काय जावं हे तू ठरवायचं नाहीस. एवढं लेखी कळव, म्हणजे नंतर शब्द फिरवायला नको.

तुझी बहीण


२४ जानेवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. पान अर्धं कोरं ठेवलंस, तुझ्या मानाने बरंच लिहिलंस म्हणायचं.

तू लिहितोस, ‘मी तुला मुलांपेक्षा वेगळं कधीच वागवलं नाही. त्या काळात मुलींना शंभर किलोमीटर पळू देणारा दुसरा एक कोच दाखव. आईने घरात ताटं सारखी वाढली, मी मैदानावर बाटल्या सारख्या भरल्या. याला तू अन्याय म्हणत असशील तर तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही.’

आता मी काय लिहिते ते नीट वाच, कारण हे मी पुन्हा लिहिणार नाही. तू म्हणतोस ते खरं आहे. संघटनेच्या कार्यालयात त्या टकल्या चिटणीसाने ‘मुलींना एवढं झेपत नाही’ म्हटल्यावर तू टेबलावर मूठ आपटलीस, चहाचा कप सांडला, मी तिथे होते. माझ्या पळण्यासाठी तू वडिलांशी महिनाभर बोलला नाहीस. सगळं खरं आहे. आणि त्याचाच मला जास्त राग येतो. तू नुसता दुष्ट असतास तर मी केव्हाच कानाला खडा लावून मोकळी झाले असते.

तू मला मुलांच्या बरोबरीने उभं केलंस आणि मग मुलाचंच शरीर दिलंस. माझं कसलं आहे, ते विचारलंच नाहीस.

हे मला कुठे कळलं ते सांगते. माझं काम तुला ऐकून माहीत असेल, मी लिफ्ट दुरुस्त करते. दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या क्रीडा विभागाची लिफ्ट मधल्या मजल्यावर अडकली, म्हणून गेले होते. ब्रेकचं काम आटोपून जिन्याने उतरताना एका दारावर कागद दिसला: लांब पल्ल्याचं पळणाऱ्या स्त्रिया प्रयोगासाठी हव्या आहेत. हाताला ग्रीस तसंच होतं. दार ढकललं आणि म्हटलं, मी पळायचे. आत एक बाई होत्या, तिथल्या संशोधक. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? ‘मागची पाळी कधी आली होती?’ मला वाटलं, डॉक्टरीण असेल. त्या म्हणाल्या, नाही, त्यावर मोजमाप थोडं बदलू शकतं म्हणून विचारते. दादा, तू माझ्या नाडीचे ठोके मोजलेस, माझं वजन मोजलंस, बुटांच्या तळव्यांची झीजसुद्धा मोजलीस. हा प्रश्न तुझ्या क्लबात कुणी कधी विचारला?

मग मला ट्रेडमिलवर चढवलं आणि नाकातोंडावर मास्क लावला. शेजारच्या ट्रेडमिलवर अग्निशमन दलातला एक माणूस होता, चांगला पळणारा, मिशीवाला. दोघांना आपापल्या ताकदीच्या मानाने सारखाच दम लागेल असा वेग लावला. बाहेर पडणाऱ्या श्वासावरून कळतं म्हणे की अंगात काय जळतंय, साखर की चरबी. दोन्ही जळतातच, प्रश्न असतो कशाचा वाटा किती. थोड्या वेळाने बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. मिशीवाल्याची साखर भराभर जळत होती. माझ्यात चरबीचा वाटा जास्त होता आणि साखर मी राखून वापरत होते. बाई म्हणाल्या, सारख्या दमाला बायकांमध्ये बहुधा असंच दिसतं, त्यात संप्रेरकांचाही हात असतो. मी मास्कच्या आत रडले. मास्क काढल्यावर त्यांना वाटलं घाम आहे, मीही तसंच वाटू दिलं.

मी विचारलं, मग हे आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही? त्या म्हणाल्या, पूर्वीचे बरेचसे प्रयोग तरुण पुरुषांवरच झाले. बायकांचं महिन्याचं चक्र मध्ये येतं, हिशेब अवघड होतो, म्हणून त्यांना घेतच नसत. म्हणजे मोजताना आम्ही अडचण म्हणून बाहेर, आणि मोजून झालेला नियम लावायचा तेव्हा आम्ही आत. वा रे न्याय.

आणि शर्यतीआधीचे तुझे ते तीन दिवस! ताटाचा पाऊण भाग पाव आणि बटाटा, बाकी सगळं हद्दपार, स्नायूंत साखर ठासून भरायला. तुझ्यात भरत असेल. माझं ताट मुळात लहान, त्याचा पाऊण भाग म्हणजे तो केवढा? बाई म्हणतात, नुसता वाटा बदलून बायकांच्या स्नायूंत साखर फारशी वाढत नाही, वाढवायची तर एकूण जेवणच वाढवावं लागतं. आणि तू काय करायचास? मी दुसरा पाव उचलला की ‘वजन’ म्हणायचास. एकच शब्द. मी पाव खाली ठेवायचे.

तेव्हा आईच्या ताटांचं नाव काढू नकोस. आईने ताटं सारखी वाढली, खरं आहे. पण ती पातेलं हातात घेऊन उभी राहायची आणि प्रत्येकाला विचारायची, ‘आणखी हवं?’ तू तिच्याकडून निम्मंच उचललंस.

बाई आणखीही काही म्हणाल्या होत्या, त्याचा इथे संबंध नाही.

भिंगरी छान आहे. सकाळी कालव्याच्या रस्त्याने पळते, मी सायकलवर मागे असते. साखरपाणी बंद. भूक लागली तर मीठ लावलेला उकडलेला बटाटा, नाहीतर साधं पाणी. ओकारी नाही, तोंडावर रंग आलाय. तुझी पद्धत किती खोटी आहे ते एप्रिलमध्ये सगळ्यांना दिसेल. घोडामैदान जवळ आहे.

तुझी बहीण


२३ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र मला लिहायचं नव्हतं. भिंगरी म्हणाली, तू कळवलं नाहीस तर मी कळवीन, आणि मी कळवलं तर जसं झालं तसं कळवीन. तेव्हा मीच लिहितेय.

ती आता बरी आहे, हे आधी.

परवा लांबची दौड होती. निम्म्यावर ती म्हणाली, आत्या, काहीतरी गोड हवंय. मी म्हटलं, ती जुनी सवय आहे, सुटेल, आपल्या बायकांचं शरीर चरबीवर चालतं. ती पुढे गेली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली. मी तेच पुन्हा सांगितलं, जरा जास्तच मोठ्याने. मग ती मागायची थांबली. मला वाटलं, पटलं.

पुलाच्या अलीकडे तिचे पाय वाकडेतिकडे पडायला लागले. मग ती रस्त्याच्या कडेला बसली, म्हणजे बसली नाही, खाली गेली. हात गार, कपाळावर घाम, आणि मला विचारते, ‘आपण कुठल्या रस्त्यावर आहोत?’ रोजचा रस्ता. माझ्याजवळ बटाटा होता, तो तिला चावता येईना. कोपऱ्यावर फळवालीची गाडी होती. ती बाई मला काही न विचारता आली, केळं सोललं, कुस्करलं आणि हिच्या तोंडात घातलं, वर साखर घातलेला आपला चहा पाजला. माझ्याकडे तिने एकदाच पाहिलं. त्या पाहण्यात सगळं आलं.

रंग परत आल्यावर भिंगरी माझ्या सायकलकडे बघत होती. मग म्हणाली, ‘आत्या, तू शिट्टी आणायला विसरलीस.’

दादा, तू मला बेईमान म्हणालास ते चौदा वर्षं सलतंय. हे त्याहून खोल गेलं.

दुसऱ्या दिवशी तिला विद्यापीठात घेऊन गेले. मिशीवाला नव्हता, पण ट्रेडमिल तोच, मास्क तोच. बाईंनी पडदा वळवला. भिंगरीत साखरेचा वाटा माझ्यापेक्षा बराच जास्त आहे. त्या मिशीवाल्याइतका नाही, पण माझ्यासारखाही नाही, आणि वेग वाढवला की तो आणखी वाढतो. मी म्हटलं, पण तुम्ही तर म्हणाला होतात बायकांचं असं असतं. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘बहुधा, असं म्हटलं होतं. आणि भाची तुमच्याकडे आली म्हणून फोन केलात, तेव्हा हेही सांगितलं होतं की सरासरी म्हणजे तुमची भाची नव्हे. तिला घेऊन या, मोजू. तुम्ही आणलं नाहीत.’

मागच्या पत्रात ज्याचा संबंध नाही म्हणाले, ते हे.

आता हे वाचून खुर्चीत मागे रेलू नकोस. आनंद मानायचं कारण नाही. मी चुकले म्हणून तू बरोबर ठरत नाहीस. तुझी बाटली तिला जास्त होते, एकदम होते, म्हणून ती ओकते. माझं नुसतं पाणी तिला कमी पडतं, म्हणून ती पडते. तिला घोटाघोटाने लागतं, आधीचे दोन-तीन दिवस पोटभर जेवण लागतं, दुसरा पावही आणि तिसराही. हे मोजायला एक सकाळ लागली. तू एवढी वर्षं तुझ्या अंगावरून नियम केलास आणि मी महिनाभर माझ्या अंगावरून. एकाच माळेचे मणी आहोत आपण, आणि हे लिहिताना पेन मोडावंसं वाटतंय.

पण एक फरक आहे आणि तो मी सोडणार नाही. ती पडली, तेव्हा मी नाटकं म्हटलं नाही.

भिंगरीचं म्हणणं असं की बाबांनी शर्यतीला यावं. मी नको म्हटलं. ती म्हणाली, तुझं मत विचारलं नाही, आत्या. तर निरोप असा: शर्यत तळ्याभोवतीच्या रस्त्यावर आहे, फेऱ्याफेऱ्यांची. खाण्याच्या टेबलापाशी तू उभं राहायचंस, बाटल्या भरायच्यास. ती मागेल तेव्हा द्यायची, मागेल तेवढी द्यायची. मी तुझ्या शेजारी उभी असेन आणि मलाही तोच नियम.

तुझी बहीण


१४ मार्च

दादा,

‘तू आधी त्या मुंग्यांबद्दल माफी माग, मग मी येतो.’

हे तू लिहिलंस. पोस्टात टाकायच्या आधी एकदा वाचलंस तरी का? सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा.

बाटल्या मी ओतल्या. हात वर करून खोटं दाखवलं, तेही मीच. पण त्याआधी काय झालं ते तुझ्या आठवणीतून कसं निसटतं? मी तुला दोनदा सांगितलं होतं. एकदा मैदानावर, एकदा घरी, आई भांडी आवरत होती तेव्हा. ‘दादा, पोटात राहत नाही रे.’ तू म्हणालास, ‘पोट डोक्यात असतं.’ दुसऱ्यांदाही हेच म्हणालास आणि वर हसलास. खरं बोलून बघितलं, ते चाललं नाही, म्हणून खोटं बोलले. आता चोराच्या उलट्या बोंबा कशाला?

माफी मागणार नाही. यायचं तर ये. नाही आलास तर भिंगरीला काय सांगायचं ते तूच लिहून पाठव. तुझ्या वतीने मी काहीही सांगणार नाही.

बहीण


२२ एप्रिल

दादा,

तू आलास. येशील असं मला वाटलं नव्हतं. गाडीतून आधी वहिनी उतरल्या, हातात डबा, त्यात उकडलेले बटाटे. त्या माझ्याकडे बघून हसल्या. ते हसू तू पाहिलं नाहीस, बरंच झालं.

तू टेबलापाशी आलास, बाटल्या ओळीत लावल्यास आणि दोन-तीनदा तुझा हात गळ्याकडे गेला. शिट्टी नव्हती. घरी ठेवलीस की खिशात होती, मी विचारलं नाही. पहिल्या फेऱ्यांना भिंगरी आली की तू बाटली पुढे करायचास आणि ती मान हलवून निघून जायची. तुझ्या हाताची मूठ आवळलेली मला दिसत होती. माझीही होती. तिसऱ्यांदा ती काही न घेता गेली तेव्हा माझ्या तोंडात ‘घे गं’ आलं होतं, ते मी गिळलं. तू माझ्याकडे बघितलंस. आयुष्यात पहिल्यांदा आपण दोघं एकाच वेळी तिचं तिला ठरवू द्यायला शिकत होतो, आणि दोघांनाही ते जड जात होतं.

मग तिने मागितलं. एक हात पुढे, न थांबता. चार घोट घेतले, फेरी मारून आली आणि अर्धी बाटली तुझ्या हातात परत दिली. आणि तू काय केलंस? सवयीने, बघताही न बघता, बाटली उलटी केलीस. सगळं साखरपाणी तुझ्या बुटांवर.

मी हसले नाही, तूही नाही. भिंगरी हसली. तेवढ्यातही तिने वळून पाहिलं, खळखळून हसली आणि पळत सुटली. तू तसाच उभा राहिलास, ओल्या बुटांनी. दुपारपर्यंत मुंग्या आल्या. आधी दोन-चार, मग रांग. तुला त्या दिसल्या, हे मी पाहिलं. तू पाय उचलून बाजूला ठेवलास. कुणाला दाखवलं नाहीस.

उन्हं चढल्यावर तुझ्या क्लबचे दोन धट्टेकट्टे गडी कडेला बसले. पुढच्या फेरीला भिंगरी त्यांना मागे टाकून गेली, मोठ्या वेगाने नव्हे, जशी सकाळपासून चालली होती तशीच. शेवटी संघात तिचं नाव लागलं नाही. तीन जणी घेणार होते, ती चौथी आली. मला वाटलं, रडेल. ती गवतावर पाय पसरून बसली आणि वहिनींच्या डब्यातले बटाटे एकामागून एक खात सुटली. ओकली नाही, पडली नाही. ‘पुढच्या वर्षी बघते,’ म्हणाली. तुला किंवा मला नव्हे, बटाट्याकडे बघून म्हणाली.

हे सगळं तूही पाहिलंस, मग मी लिहितेय कशाला? शेवटी जे झालं त्यासाठी. आपण टेबल आवरत होतो. तू टोपणं बसवत होतास, आणि मान वर न करता विचारलंस, ‘तुला तेव्हा किती लागायचं?’

मी हातातलं फडकं ठेवलं आणि निघून गेले. तुला वाटलं असेल, हिचा राग जन्मात जायचा नाही. राग होताच. पण मला तिथे, तुझ्यासमोर, त्या बाटल्यांसमोर रडायचं नव्हतं.

या पत्रात उत्तर देते. मला माहीत नाही, दादा.

अर्धी बाटली लागली असती की पावच बाटली, बटाटा लागला असता की नुसतं पाणी, दुसरा पाव खाल्ला असता तर शेवटच्या फेरीत मी कुठे असते, मला काहीच माहीत नाही. ते कळायचं एक वय असतं. ते वय माझ्याकडे होतं तेव्हा मी कुंपणापाशी बाटल्या ओतत होते आणि तू त्या मोजत होतास. आता मशीनरूमचा जिना चढताना माझा गुडघा वाजतो. त्या बाई मला अजूनही मोजतात, पण ते आजचं माप. तेव्हाचं माप कुठल्याच यंत्रात मिळणार नाही. तू माझी जागा घालवलीस, ते मी एक वेळ विसरेन. मी काय होते हे मला कळू दिलं नाहीस, ते कसं विसरू? हा प्रश्न तू चौदा वर्षांपूर्वी विचारायचा होतास. तुला फक्त तेवढंच करायचं होतं.

या रविवारी मी क्लबवर येतेय. सगळ्यांना त्याच कुंपणापाशी गोल उभं कर. नवी पोरं असतील, त्यांना मी कोण ते माहीत नसेल. तू सांग. ‘ही माझी बहीण. हिने मला दोनदा सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नाही.’ एवढंच, पण मोठ्याने. शिट्टी लागणार नाही, तुझा आवाज पुरतो, मला माहीत आहे.

त्यानंतर मला घरी जेवायला बोलावू नकोस. बोलावलंसच, तर वाढताना विचार.

तुझी बहीण